कर्नाळ्यातली कौशी आणि तो शामा

किल्ल्यावर गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. कर्नाळ्याला जाऊन तो अंगठ्यासारखा सुळका खालूनच पाहिला आणि परत आलो म्हटलं की लोक विचारतात, "मग केलंत काय दिवसभर?" एका झाडाखाली बसलो. जवळजवळ साडेतीन तास.

सोबत आत्या होती. वय एकाहत्तर, गेल्या वर्षीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. तिचं लहानपण पेणजवळच्या खेड्यात गेलं, त्यामुळे झाडं तिला नात्यातल्या माणसांसारखी माहीत. होळी होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा तिचा फोन आला. "कौशी फुलली असेल गं. मला एकदा दाखवून आण." मी पंधरा वर्षं कर्नाळ्याला जाते आहे. कौशी म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मग तूही चल बघायला."

मुद्दाम मंगळवार धरला. रविवारी तिथे पक्ष्यांपेक्षा माणसांचाच आवाज जास्त असतो आणि आत्याला घेऊन त्या गर्दीत जाण्याची माझी तयारी नव्हती. पनवेल सोडलं, वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण मागे गेलं आणि उजाडता उजाडता अभयारण्याच्या दारात पोचलो. मुंबई-गोवा महामार्ग या जंगलाला चिरत जातो. सगळं मिळून जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, १९६८ साली पक्ष्यांसाठी म्हणून राखलेलं, आणि त्याच्या पोटातून रात्रंदिवस ट्रक धावतात. आत शिरल्यावर पहिला अर्धा तास तरी हॉर्न पाठ सोडत नाहीत. मला दर वेळी याचा त्रास होतो आणि या वेळीही झाला.

पायवाटेवर कुंभ्याची फुलं पडलेली होती. रात्री उमलायचं आणि सकाळी गळायचं, असा त्याचा खाक्या. पांढऱ्या-गुलाबी केसरांचे ते मऊ झुबके आत्याने ओंजळीत घेतले. पुढे करवंदीच्या जाळीवर चढलेली कुसरीची वेल होती, तिच्या फुलांचा वास आम्हाला वळणाआधीच आला. "पांढरी फुलं रात्रीची," आत्या म्हणाली. "अंधारात दिसायला हवीत, वासाने बोलवायला हवीत. पतंग येतात त्यांच्याकडे. दिवसाची बघायची तर वर बघ."

मी वर बघितलं आणि कौशी दिसली.

झाडावर पान म्हणून नव्हतं. राखाडी फांद्यांवर नुसते पोवळ्याच्या रंगाचे घोस, जणू कोणी फांदीफांदीला निखारे चिकटवलेत. खाली पडलेलं एक फूल उचलून पाहिलं. बोटाच्या पेराएवढी मखमली नळी. आत्याने सांगितलं की या फुलाला पाकळ्याच नसतात. जे रंगीत दिसतं तो बाहेरचा निदलपुंज, म्हणजे कळीला झाकणारं आवरण. नळीच्या तोंडातून परागकोशांचा एवढासा झुबका बाहेर डोकावतो. मी हुंगून पाहिलं, वास काहीच नाही.

पळस, पांगारा, काटेसावर, कौशी. होळीच्या आगेमागे सह्याद्रीच्या उतारांवर या लाल-केशरी झाडांची रांग लागते आणि ती बहुतेक सगळी पानं झाडून उभी असतात. इतकी वर्षं मी त्यांचे फोटो काढले, पण असं का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ही फुलं पाखरांसाठी असतात. पाखरांना लाल रंग लांबून दिसतो. मधमाश्यांच्या डोळ्यांना तो आपल्यासारखा दिसत नाही. बहुतेक पाखरं वासाच्या मागे जात नाहीत, म्हणून सुगंधावर खर्च नाही. त्याऐवजी भरपूर पातळ मध, आणि पानांचा आडोसा नसल्यामुळे फांदीवर बसायला मोकळी जागा. आत्या हे सगळं सांगत होती तेव्हाच एक जांभळा शिंजीर, मध पिणारा चिमुकला पक्षी, फुलाला उलटा लटकला. हिवाळ्यात हाच नर मादीसारखा फिका असतो, गळ्यावर नुसती एक काळी रेघ. आता मात्र उन्हात वळला की निळा-जांभळा पेटत होता. दुर्बिणीतून त्याच्या कपाळावर परागांची पिवळी पूड स्पष्ट दिसली. ती घेऊन तो शेजारच्या कौशीवर गेला. माझ्या अंगावर काटा आला.

मग आम्ही हाललोच नाही. हिरवागार हरेवा आला, पानांत कधी सापडत नाही तो या उघड्या फांदीवर लपणार कुठे? बुलबुलांची जोडी आली. फुलटोच्या एवढासा, पण त्याची टकटक थांबत नव्हती. मध्येच सर्पगरुडाची शीळ ऐकू आली म्हणून मी आभाळात शोधत बसले, तर आवाज करणारा भृंगराज निघाला. शेपटीची दोन लांब पिसं हलवत तो कौशीवर उतरला आणि बाकीच्यांना हुसकावून स्वतः मध प्यायला लागला. दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

साडेनऊच्या सुमाराला खालच्या ओहोळाच्या बाजूने शामा गायला लागला. हा पक्षी सहसा दिसत नाही. दाट गचपणात राहतो. काळाभोर अंगरखा, तांबूस पोट, लांब शेपूट. त्याचं गाणं ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. आत्याने डोळे मिटून घेतले. मी घड्याळ पाहिलं नाही, पण बराच वेळ आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

आणि मग दोन शामा गायला लागले. एकाच जागेवरून, एकसारखं, अगदी तसंच पुन्हा पुन्हा. मला वाटलं भृंगराज असेल. उठून पाहिलं, तर ओहोळाच्या काठावर चार जण तिकाटण्यावर मोठाल्या लेन्स लावून उभे होते आणि झुडपाच्या बुंध्याशी एक छोटा स्पीकर ठेवलेला होता. रेकॉर्ड केलेला शामा वाजवत होते.

खरा शामा त्या स्पीकरपासून हातभर अंतरावर आला होता. शेपूट उभी, पिसं फुललेली, या फांदीवरून त्या फांदीवर. तो गात नव्हता, भांडत होता. वसंत म्हणजे त्याचे हद्द राखण्याचे दिवस. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, असं त्याला वाटत होतं, आणि तो दुसरा काही केल्या दिसत नव्हता, हटत नव्हता. खाणं टाकून, लपण्याची जागा सोडून, शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या नजरेत येईल असा तो उघड्यावर नाचत होता. कॅमेरे कडकडत होते. थोडी शांतता झाली की पुन्हा बटण दाबलं जायचं. मी सात वेळा मोजलं.

मी जाऊन म्हटलं, "बंद करा हो हे." एकाने मागे न बघताच उत्तर दिलं, "पाचच मिनिटं, मॅडम." मला राग इतका आला होता की शब्द सुचेनात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यातल्या प्राण्यांना छेडायला मनाई आहे, हे मला माहीत होतं, पण तोंडातून निघालं नाही.

तोवर आत्या काठी टेकत खाली आली होती. तो उतार तिने उतरायला नको होता. ती शांतपणे म्हणाली, "बाळांनो, तुमच्या दारात उभं राहून कोणी सकाळपासून ओरडत राहिलं की हे घर माझं, ही बायको माझी, तर तुमच्या घशाखाली घास उतरेल का?"

कोणी काही बोललं नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने वाकून स्पीकर उचलला. दुसरा पुटपुटला की एवढ्या लांबून आलोय, सुट्टी टाकून आलोय. ते मला पटतं; आम्हीही लांबूनच आलो होतो. पण चार फोटोंसाठी त्या पक्ष्याची अख्खी सकाळ खर्ची घालायची, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आताही नाही. लेन्स गुंडाळून ते निघून गेले.

शामाही दिसेनासा झाला. आत्याला वर आणायला पंधरा मिनिटं लागली. "तो गाईपर्यंत मी उठणार नाही," म्हणून ती पुन्हा कौशीखाली बसली. ऊन चढलं. शिंजीर येत-जात राहिले, पण खालून काही आवाज आला नाही. बारा वाजले तेव्हा मीच तिला उठवलं. येताना पेणपर्यंत जाऊन पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायची ठरलं होतं, पण तिने नको म्हटलं. घरी येईपर्यंत ती फारशी बोलली नाही.

बारा दिवसांनी मी एकटीच पुन्हा गेले. पहाटे घरून निघाले, दार उघडताच आत शिरले आणि कोणाच्याही आधी ओहोळावर पोचले. कुसरीचा वास होता, लांबवर ट्रक होते. पावणेआठला तो गायला लागला. त्याच गचपणातून, चढत, वळत, मध्येच थांबून, प्रत्येक तान वेगळी. मी आत्याला फोन लावला आणि काही न बोलता तो ओहोळाच्या दिशेने धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने फोन कानाला लावला. पलीकडे ती होती, पण आवाज नव्हता. मग नाक ओढल्यासारखं ऐकू आलं आणि तिने विचारलं, "कौशी आहे का गं अजून?"

मी वर पाहिलं. "शेंड्याला चार-दोन घोस आहेत. बाकी सगळी खाली पडलीत."

"मग शिंजीर बघ जरा. असेल तिथेच," ती म्हणाली.

होता.