मिसी ‘गेली’ की ‘गेला’?

फ्रेंचच्या वर्गात मिसीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : “पण मॅडम, ‘तो’ म्हणायचं की ‘ती’?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मिसी म्हणजे मातिल्द द मोर्नी. जन्म पॅरिसचा, १८६३ चा. वडील ड्यूक द मोर्नी, सम्राट तिसऱ्या नेपोलियनचे सावत्रभाऊ. आई रशियन सरदारघराण्यातली. बेलबफच्या मार्क्वीशी (म्हणजे एका उमरावाशी) लग्न, १९०३ मध्ये घटस्फोट. चित्रं काढायची, मूर्ती घडवायच्या याची आवड. पण पॅरिसभर चर्चा असे ती आखूड केसांची, पुरुषी सुटाची आणि सिगारची. शहरात बाईनं पुरुषी पोशाख करायचा तर परवाना हवा, असा १८०० सालचा पोलिसी हुकूम होता. (तो आता लागू नाही हे फ्रेंच सरकारनं सांगितलं थेट २०१३ मध्ये!) जवळची मंडळी हाक मारत ‘ओंक्ल माक्स’, म्हणजे मॅक्सकाका.

३ जानेवारी १९०७ ला पॅरिसच्या मुलाँ रूज या रंगगृहात ‘इजिप्तचं स्वप्न’ या मूकनाट्याचा प्रयोग लागला. ममी झाली होती लेखिका कोलेत, मिसीची तेव्हाची जोडीदार. तिला जागं करणाऱ्या संशोधकाचं काम ‘इसिम’कडं. मिसी हे नाव रोमन अक्षरांत उलटं लिहा, इसिम मिळेल. जाहिरातीवर मोर्नी घराण्याचं मानचिन्ह छापलेलं. दोघांनी चुंबन घेतलं आणि थिएटरात राडा झाला. उमरावमंडळींनी हाताला येईल ते स्टेजवर फेकलं. दुसऱ्या रात्री नाटकाचं नाव बदललं, मिसीच्या जागी जॉर्ज वाग हा नट उभा केला, तरी पोलीसप्रमुख लेपिन यांनी बंदी घातलीच. मला विचाराल तर चुंबनापेक्षा ते मानचिन्ह जास्त झोंबलं असावं.

आता मराठीचं. आपलं क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पुढं सरकत नाही, असं वाटतं ना? ‘नं’ लावून बघा. मिसीनं सूट घातला. मिसीनं सिगार ओढला. मिसीनं कोलेतसाठी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात घर घेतलं. क्रियापद सुटामागं जातं, घरामागं जातं, मिसीकडं वळूनसुद्धा बघत नाही. पंचाईत होते ती ‘आली’, ‘बसला’ लिहिताना. तसं मी कोल्हापूरची. घरी फोनवर अजून ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच बोलते, आणि आईला त्यात काही वावगं वाटत नाही.

कोलेतनं पुढं मिसीचं शब्दचित्र रेखाटलं, त्यात नाव दिलं ‘ला शव्हालिएर’ : सरदार या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप. म्हणजे अर्धं इकडं, अर्धं तिकडं.

मला धास्ती होती शेवटाची, कारण आपल्याकडं माणूस ‘गेला’ तरी किंवा ‘गेली’ तरी. पण तिथंही प्रश्न आला नाही. पैसा संपला होता, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि २९ जून १९४४ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी, मिसीनं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.