मानवी केसांचा विग घरी सरळ करताना

मला चाई आहे. आधी मानेच्या वर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, मग कानामागे, आणि वर्षाच्या आत सगळं डोकं मोकळं झालं. आमच्याकडे अजूनही लोक ‘तिचा कंगवा वेगळा ठेवा’ म्हणतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं इथे आधी लिहिते: चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उठते आणि केस गळतात. उपचार चालू आहेत, त्याबद्दल डॉक्टरांनी बोलावं. मला लिहायचंय ते विगबद्दल. विग घरी आणल्यावर पुढे काय करायचं, हे मला त्या वेळी मराठीत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

मी ऐरोलीला राहते, नोकरी वाशीला. विग घेतला ठाण्यात, नौपाड्यातल्या एका दुकानातून. खऱ्या केसांचा, पुढची कड लेसची, म्हणजे बारीक जाळीची, आणि मागे टोपीवर शिवलेल्या केसांच्या पट्ट्या. दुकानात तो छान सरळ होता. पहिल्यांदा धुतला आणि केस नागमोडी झाले, टोकं सगळीकडे पसरली. यात दुकानदाराची लबाडी नव्हती. आपल्याकडचे बरेचसे केस मुळात थोडे वळणदारच असतात, विकायच्या आधी त्यांच्यावर केस सरळ करायचं गरम पट्ट्यांचं मशीन फिरवलेलं असतं, आणि पाणी लागलं की ते मूळच्या वळणावर जातात. माझे स्वतःचे केस मात्र जाड आणि एकदम सरळ होते. विग लावून आरशात बघितलं की कुणी दुसरीच बाई दिसायची. म्हणून मला तो सरळच हवा होता.

पार्लरमध्ये विचारलं. ‘विगला हात लावत नाही मॅडम, जळला तर जबाबदारी कोणाची?’ असं स्पष्ट सांगितलं त्यांनी. दुकानात करून मिळत होतं, पण विग त्यांच्याकडे ठेवावा लागणार होता, आणि तेवढे दिवस ऑफिसला काय घालून जायचं? शेवटी घरीच करायचं ठरवलं. आई म्हणाली, ‘मी बसते तुझ्याबरोबर.’

मशीन हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करून घ्या: केस खरे आहेत का, आणि सगळे खरे आहेत का. साधे कृत्रिम धागे उष्णतेने वितळतात. काही विगमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून एकच केस तपासून भागत नाही. मी मागून, मधून आणि बाजूने एकेक केस काढला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकवर चिमट्यात धरून काडी लावली. खरा केस चुरचुरत जळतो, केस जळल्याचा तो ओळखीचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरली जाते. कृत्रिम धाग्याला जळलेल्या प्लास्टिकचा वास येतो आणि टोकाला कडक गुठळी होते, ती चुरत नाही. माझे तिन्ही केस खरे निघाले.

हे केस येतात कुठून, तेही मी शोधलं. प्रत्येक केसावर अगदी बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. डोक्यावरून एकगठ्ठा उतरवलेल्या केसांत मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला नीट राहतात, त्यांना धंद्यात ‘रेमी’ म्हणतात. तिरुमलाला भाविक जे केस अर्पण करतात, ते देवस्थान लांबीप्रमाणे निवडून लिलावात विकतं. दुसरे केस कंगव्यातल्या गुंतवळाचे. भांडी किंवा फुगे देऊन केस घेणारे फेरीवाले आपल्या गल्लीत येतातच. त्या गुंतवळात मुळं आणि टोकं उलटसुलट असतात, खवले एकमेकांत अडकतात आणि केस गुंततात. म्हणून ते खवले ॲसिडने काढून वर सिलिकॉनचा थर देतात. नवा असताना असा विग फार चमकतो, पण धुण्याबरोबर थर उतरत जातो आणि गुंता वाढतो. ओळखायची रीत सोपी आहे. एक बट चिमटीत धरून बोटं मुळाकडून टोकाकडे न्या, मग उलटी न्या. जाताना गुळगुळीत आणि येताना किंचित खरखरीत लागलं, तर खवले शाबूत आहेत. माझ्या विगला ती खरखर लागली तेव्हा माझे डोळे भरून आले. कुणीतरी नवस फेडताना हे केस वाहिले असतील. मी विग काढून ठेवताना अजूनही हात जोडते.

आता धुणं. आधी कोरडाच विंचरायचा, रुंद दातांच्या फणीने, टोकांपासून सुरू करून हळूहळू वर. मग कोमट पाणी आणि सल्फेट नसलेला शाम्पू, वरून खाली एकाच दिशेने. आपण डोकं चोळतो तसं अजिबात चोळायचं नाही. कंडिशनर भरपूर लावायचा, कारण या केसांना मुळातून तेल मिळत नाही, वरून द्याल तेवढीच त्यांची ओल. पण तो अर्ध्या लांबीपासून खालीच. लेसवर एकेक केस आकड्याने गाठ मारून बसवलेला असतो. त्या गाठींना कंडिशनर लागला की त्या निसटतात आणि भांगाच्या जागी केस विरळ होत जातात. धुऊन झाल्यावर पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून घ्यायचा.

वाळवण्याला जेवढा वेळ लागेल तेवढा द्या. आमचं घर खाडीच्या बाजूला आहे, पावसाळ्यात टॉवेलसुद्धा दोन दिवस ओला राहतो. वरचे केस कोरडे वाटतात, पण आतल्या पट्ट्यांच्या शिवणीत ओल असते. मी रात्रभर पंख्याखाली ठेवते आणि सकाळी टोपीच्या आत बोटं घालून शिवण चाचपून बघते. ओल्या केसावर मशीन दाबलं तर केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथून तुटतो. डोक्यावर तुटलेल्याच्या जागी नवा केस येतो, विगवर येत नाही. मशीन फिरवताना ‘चुर्र’ आवाज आला तर तिथेच थांबायचं.

विग बसवायला थर्माकोलचं डोकं स्वस्त मिळतं, पण ते हलकं, मशीन ओढलं की तेच पुढे सरकतं, शिवाय गरम पट्टी टेकली तर वितळतं. मी कॅनव्हासचं भरीव डोकं आणि टेबलाच्या कडेला आवळायचा स्टँड मागवला. पैसे गेले, पण दोन्ही हात मोकळे राहिले. पिना लावायच्या त्या मागच्या जाड शिवणीत आणि कानाजवळच्या पट्टीत. लेसमध्ये टोचल्या तर ती फाटते.

मशीन असं घ्या की ज्यावर तापमानाचा आकडा दिसतो. नुसतं ‘लो-हाय’ लिहिलेलं इथे उपयोगाचं नाही. मी १५० अंशांवर सुरू करते, हट्टी बटांना १६०. केस रंगवलेले असतील तर आणखी कमीपासून बघावं. मशीन २०० च्या पुढे जातं म्हणून आपण जायचं नाही, तिथे केसाचं प्रथिनच खराब व्हायला लागतं. आधी पांढऱ्या टिश्यूचा तुकडा मशीनच्या पट्ट्यांमध्ये धरून बघते, तांबूस झाला तर मशीन थंड होऊ देते. केसांवर उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे हलका मारायचा आणि तोही वाळू द्यायचा.

सुरुवात मानेपासून. वरचे सगळे केस क्लिपांनी बांधून ठेवायचे आणि खालची एकच ओळ मोकळी. त्यातून बोटाएवढ्या रुंदीची पातळ बट घ्यायची, पुढे फणी, तिच्या मागोमाग मशीन, आणि टोपीपासून दोन बोटं सोडून खाली एकदाच सावकाश आणायचं. घाईघाईने पाच वेळा ओढण्यापेक्षा एक संथ फेरी बरी. टोपी आणि लेस नायलॉन-पॉलिस्टरची असते, तिला मशीन लागता कामा नये.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. केस सरळ होतो तो गरम असताना नाही, गार होताना. केस म्हणजे केराटिन. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध नाजूक असतात, हायड्रोजन बंध. पाण्याने किंवा उष्णतेने ते सुटतात, आणि केस वाळताना किंवा गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. मशीनमधून बट काढून लगेच सोडून दिली तर ती गरम असतानाच वाकडी लोंबते आणि तशीच बसते. म्हणून बट मशीनमधून निघाली की ताणून धरायची, गार होईपर्यंत.

ते काम आईने घेतलं. लहानपणी माझ्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घालायची तीच आई. मी मशीन खाली आणलं की ती बटेचं टोक चिमटीत धरायची आणि दुसऱ्या हाताचं मनगट बटेला लावून बघायची, दूध बाटलीत भरल्यावर बघतात तसं. मी पुढची बट घ्यायला घाई केली की म्हणायची, ‘थांब गं, अजून ऊन आहे.’ गार झाली की हळूच सोडायची. सोडलेली बट सरळ खाली पडायची आणि तशीच राहायची. सबंध दुपार गेली त्यात. मध्येच तिने विचारलं, ‘तुला आठवतं, शाळेत तुझी रिबिन सारखी सुटायची? इतके सरळ होते.’ मी हो म्हटलं. आम्ही दोघी पुढे काही बोललो नाही, पण ती दुपार मला फार हवी होती.

भांगाजवळचे केस मशीनने बसत नाहीत, तिथे जवळ जाताच येत नाही. ते उभे राहतात आणि विग लगेच ओळखू येतो. त्यावर पाण्याचा फवारा मारायचा, फणीने दाबून बसवायचे, वरून सुती ओढणी घट्ट बांधायची आणि पूर्ण वाळल्यावरच सोडायची. बंध तेच, फक्त उष्णतेच्या जागी पाणी. भांगातल्या गाठींचे काळे ठिपके दिसत असतील तर आपल्या त्वचेच्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर छोट्या ब्रशने लावावी.

टोकं अगदी दोरीत राहिली तर केस खोटे दिसतात. शेवटच्या दोन-तीन इंचांत मशीन किंचित आत वळवायचं. कापणं मात्र मी घरी केलं नाही. ठाण्यातल्या एका ब्युटीशियनताईंना सगळं सांगितलं, त्यांनी दुपारच्या रिकाम्या वेळी पडदा ओढून विग माझ्या डोक्यावर असतानाच चेहऱ्यालगतचे केस कापले. विग स्टँडवर ठेवून कापला तर डोक्यावर तो वेगळाच बसतो. त्यांनी कात्री उभी धरून थोडं थोडं कापलं आणि प्रत्येक वेळी मला आरशात बघायला लावलं. एकदाही घाई केली नाही.

कायमचं सरळ का करून घेत नाही, असं मला मैत्रिणी विचारतात. त्या रसायनांनी केसातले जास्त मजबूत, डायसल्फाइड बंध तोडून पुन्हा जोडतात. विगचे केस आधीच रंग आणि प्रक्रियेतून गेलेले असतात, त्यात लेसच्या गाठी. काही स्मूदनिंगच्या लेपांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड निघतो, तो घरात नकोच. मी ते करणार नाही, आणि विचाराल तर तुम्हीही करू नका म्हणेन.

पावसाळ्यात सरळपणा टिकतो का? पूर्ण नाही. हवेतली ओल तेच नाजूक बंध सोडवते. ट्रान्स हार्बरच्या गाडीत रबाळे ते कोपरखैरणे दारातून वारा आणि तुषार दोन्ही येतात. म्हणून जून ते सप्टेंबर मी केस मोकळे ठेवत नाही, मानेवर सैल अंबाडा आणि वर स्कार्फ. ऑफिसात पोचल्यावर सोडते आणि टोकांना दोन थेंब सीरम लावते, त्याहून जास्त लावलं तर केस चिकट दिसतात. हिवाळ्यात एकदा सरळ केलेला विग पुढच्या धुण्यापर्यंत छान राहतो. रोज मशीन लावायची गरज नसते, लावूही नये.

मानेजवळचा भाग अजून त्रास देतो. कॉलर आणि स्कार्फला घासून तिथले केस कोरडे पडतात, गुंततात, आणि सरळ करायला त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. दुकानदार म्हणाले की मागच्या खालच्या दोन पट्ट्या उसवून नव्या शिवता येतात, पूर्ण विग बदलायला नको. गणपती झाल्यावर नौपाड्याला जाऊन ते करून घेणार आहे, आणि शिवून होईपर्यंत तिथेच बसणार आहे.