तीन मॉनिटरचं टेबल, भाग दुसरा – तिसरा स्क्रीन लागला एकदाचा

मागच्या नोंदीत दोन स्क्रीनवर थांबले होते. मधे २७ इंची १४४० पी वाला, उजवीकडे २४ इंची १०८० पी वाला, आणि तिसरा म्हणजे मामेभावाने नाशिक रोडचा सायबर कॅफे बंद केला तेव्हा त्याच्याकडून उचलून आणलेला १९ इंची चौकोनी मॉनिटर, तो डावीकडे नुसताच काळा बसून होता. आज तिन्ही चालू आहेत. मधे तीन आठवडे गेले, बरेच घोळ निघाले, आणि गंमत म्हणजे एकही घोळ मॉनिटरचा नव्हता की ग्राफिक्स कार्डाचा नव्हता, सगळे मधल्या वायरींचे, भिंतीवरच्या इलेक्ट्रिक बोर्डाचे आणि सेटिंगचे. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

तीन कशाला असं घरचेही विचारतात. मी हिवाळ्यात जवळजवळ दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाते, चापडगावच्या बाजूने, आणि एका सकाळी हजार-बाराशे फोटो सहज होतात. चक्रवाकाच्या एका उड्डाणाचे वीस-वीस फ्रेम, त्यातला एकच ठेवायचा असतो. मधल्या स्क्रीनवर एडिटिंग, उजवीकडे तोच फोटो फुल साइजमधे, डावीकडे फाइलींची यादी आणि पक्ष्यांची नोंद. एकदा असं काम केलं की परत एका स्क्रीनवर जाववत नाही.

मशीन तेच आहे, आय५-१०४०० प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. कार्डाला मागे तीन पोर्ट, एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय-डी. तीन पोर्ट, तीन मॉनिटर, म्हणजे झालं काम असं मला वाटलं होतं. पण जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए हे जुन्या पद्धतीचं पोर्ट आहे. एम.जी. रोडवरच्या एका दुकानात गेले, म्हंटलं डीव्हीआय टू व्हीजीए पाहिजे, त्यांनी लगेच छोटा पांढरा कन्व्हर्टर काढून दिला, "ताई, हाच लागतो, सगळे हाच नेतात." घरी आणून लावायला गेले तर आतच जाईना.

इथे थांबून दोन्ही टॉर्चखाली धरून बघा, फार शिकायला मिळतं. कन्व्हर्टरच्या प्लगला एका टोकाला चपटी पट्टी आहे आणि तिच्या वर-खाली दोन-दोन अशा चार बारीक पिना. कार्डाच्या सॉकेटला पट्टीची फट आहे, पण त्या चार पिनांची भोकंच नाहीत. त्या चार पिना म्हणजे अॅनालॉग सिग्नल. ज्या सॉकेटला त्या असतात ते डीव्हीआय-आय, नसतात ते डीव्हीआय-डी. व्हीजीए म्हणजे १९८७ चं अॅनालॉग स्टँडर्ड, आणि एनव्हिडियाने २०१६ च्या १००० सिरीजपासून डीव्हीआयमधला अॅनालॉग भाग काढूनच टाकला. त्यामुळे पिना कापून जबरदस्तीने बसवला तरी उपयोग शून्य, कारण पलीकडे सिग्नलच नाही. आत चिप असलेला अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, किंवा मग दुसरा रस्ता.

दुसरा रस्ता माझ्या मदरबोर्डावरच होता. मदरबोर्डाला मागे व्हीजीए आहे आणि माझ्या प्रोसेसरमधे ग्राफिक्स आहे (नावापुढे एफ असेल, म्हणजे १०४००एफ, तर नसतं, घेताना बघून घ्या). पण कार्ड लावलं की बहुतेक बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून मागच्या वेळी तिथे वायर लावूनही काहीच आलं नव्हतं. बायोसमधे (विंडोजच्या आधी येणारा मदरबोर्डाचा सेटिंगचा मेनू) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाचं सेटिंग असतं, कुठे वेगळ्या नावाने असतं, ते इनेबल केलं. त्याच्याच आसपास प्रायमरी डिस्प्ले असतो, तो पीसीआय-ई वरच (म्हणजे कार्डावरच) ठेवा, नाहीतर मशीन सुरू होताना बायोस जुन्या मॉनिटरवर दिसायला लागतो आणि मधला काळाच राहतो, मग आपण घाबरतो. विंडोज आल्यावर इंटेलचा ड्रायव्हर टाकला आणि जुना मॉनिटर जागा झाला!

पण १०२४ बाय ७६८ वर. अक्षरं पसरट, फुगलेली. हा मॉनिटर १२८० बाय १०२४ चा आहे आणि यादीत ते रिझोल्यूशनच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधे नाव काय तर जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर. म्हणजे कॉम्प्युटरला समोर कोण आहे हेच कळलेलं नाही. प्रत्येक मॉनिटरमधे ईडीआयडी नावाची छोटीशी माहिती असते, मूळ भाग फक्त १२८ बाइटचा, त्यात कंपनी, मॉडेल, कुठली रिझोल्यूशन चालतात हे सगळं. कॉम्प्युटर ते वायरीतूनच वाचतो, व्हीजीएमधे १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून. मी वायर काढून प्लग उजेडात धरला. तीन ओळी, पाच-पाच पिना. मधल्या ओळीत ९ नंबरची पिन नव्हती, ती बऱ्याच वायरींना नसतेच, त्याचं काही नाही. पण खालच्या ओळीतल्या १२ आणि १५ पण गायब. तुटलेल्या नाहीत, बनवतानाच टाकलेल्या नाहीत. चित्र यायला त्या लागत नाहीत म्हणून स्वस्त वायरीत वाचवतात. शेजारच्या काकूंकडे जुन्या प्रोजेक्टरची जाडजूड व्हीजीए केबल पडून होती, तिच्यात फक्त ९ नव्हती, बाकी चौदा होत्या. लावली, मॉनिटरचं नाव आलं, १२८० बाय १०२४ आलं, ऑटो अॅडजस्टचं बटण दाबलं आणि अक्षरं कोरून काढल्यासारखी झाली. त्या रात्री मी नुसती यादी वर-खाली करत बसले होते, इतकं छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच स्क्रीनवर फिकट आडवे पट्टे दिसले, हळूहळू वर सरकणारे. पांढऱ्या बॅकग्राउंडवर जास्त. पट्ट्यांकडे नंतर परत येते, कारण मधेच मोठं संकट आलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मशीन सुरूच होईना. बटण दाबलं की फॅन एक सेकंद फिरायचा आणि गप्प. मी रॅम काढून घातली, पॉवरच्या वायरी चेपल्या, कार्ड काढलं तर सुरू झालं, कार्ड घातलं तर नाही, म्हणजे कार्ड गेलं असं मनात पक्कं झालं आणि पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की मशीनचा मेन स्विच बंद असतानाही मदरबोर्डावरचा एक बारीक एलईडी मंद पेटतोय. मेन बंद, मग करंट येतोय कुठून? एक-एक वायर मागून काढत गेले, डिस्प्लेपोर्टची काढली आणि एलईडी विझला. मेन चालू केला, बटण दाबलं, मशीन पहिल्या झटक्यात सुरू.

करंट येत होता मॉनिटरमधून. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, कार्डाकडेही आणि मॉनिटरकडेही, ते अॅडॅप्टरला पॉवर द्यायला. साध्या मॉनिटरच्या वायरीत ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायचीच नसते, स्टँडर्डमधे तसंच आहे. काही वायरींमधे ती जोडलेली असते, मग मॉनिटर उलटा कार्डाला पॉवर देत बसतो, मशीन बंद असलं तरी, आणि सुरू होताना मदरबोर्ड गोंधळतो. ही वायर मी महिनाभरापूर्वीच ऑनलाइन घेतली होती, तीन मीटरची, छान जाळीदार आवरण वगैरे.

खात्री करायची होती. बाबा सातपूरला कंपनीत फिटर होते, त्यांचं मल्टिमीटर अजून कपाटात असतं. प्रोब त्या फटीत जाईना म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातल्या दोन सुया घेतल्या, पिनांचं चित्र समोर ठेवून बाबांनी एक टोक धरलं, मी दुसरं. मीटर कंटिन्युइटीवर ठेवलं (दोन टोकं आतून जोडलेली असली की ते वाजतं), वायरीच्या दोन्ही टोकांच्या २० नंबरच्या पिनांना सुया टेकवल्या आणि मीटर खणखणीत वाजलं. बाबा म्हणाले, "हे बघ, सापडला चोर." दीड मीटरची दुसरी वायर आणली, घरी आल्या आल्या तीच सुईची टेस्ट, मीटर गप्प. तेव्हापासून मशीन बंद म्हणजे बंद. तुमचं मशीन डिस्प्लेपोर्ट लावल्यापासून सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर कार्ड बदलायच्या आधी ही वायर काढून एकदा बघाच, माझी कळकळीची विनंती आहे, कार्डाचे पैसे वाचतील.

आता पट्टे. पट्टे बघून बाबांनी पहिला प्रश्न विचारला की हा मॉनिटर कुठल्या इलेक्ट्रिक बोर्डावर आहे. बाकी सगळं टेबलामागच्या बोर्डावर, आणि हा एकटा खिडकीजवळच्या बोर्डावर, कारण वायर पुरत नव्हती. "एकाच बोर्डावर आण आधी." एक्स्टेन्शन लावून आणला, पट्टे गेले. मला वाटलं संपलं, पण बाबा म्हणाले कॅबिनेटला हात लावला की तुला झिणझिण्या येतात ना, मग टेबलामागचा बोर्ड बघायलाच पाहिजे. झिणझिण्या येत होत्या खऱ्या, पण इतकी वर्षं ते नॉर्मलच वाटायचं.

त्यांनीच मोजलं, हे ज्याला येतं त्यानेच करावं. फेज ते न्यूट्रल २३२ व्होल्ट. फेज ते अर्थ (अर्थिंगची वायर) पण तेवढंच यायला पाहिजे, आलं ११४. म्हणजे अर्थ नुसता लोंबकळतोय. मशीनच्या पॉवर सप्लायमधे फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मधे अर्थला धरून ठेवतात, म्हणून अर्थ तुटला की कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी कमी, पण झिणझिण्यांपुरता असतो. आणि दुसऱ्या बोर्डाचा अर्थ नीट होता, त्यामुळे तो करंट व्हीजीएच्या वायरीच्या जाळीतून खिडकीकडच्या बोर्डाकडे पळायचा आणि जाता जाता चित्रात पट्टे टाकायचा. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर अर्थची हिरवी वायर स्क्रूतून सुटून बाजूला पडलेली. पाच मिनिटांचं काम. आता २३०, आणि कॅबिनेटला हात लावला तरी काही नाही.

याचा अजून एक फायदा झाला जो मला अपेक्षितच नव्हता. मी खुर्चीवरून उठले की कधीकधी मधला स्क्रीन दोन सेकंद काळा व्हायचा. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्च्यांमधे उठता-बसता स्टॅटिकचा झटका तयार होतो आणि डिस्प्लेच्या वायरी तो पकडतात, हे बऱ्याच जणांना आलेलं आहे, आणि जानेवारीत आपल्याकडे निफाडची थंडी म्हणजे हवा कोरडी ठक्क, स्टॅटिक जास्तच. अर्थ नीट झाल्यावर दिवसाला सहा-सात वेळा होणारं एक-दोन वेळांवर आलं. मग खुर्चीखालचा नायलॉनचा गालिचा काढून सुती सतरंजी टाकली आणि आठ दिवसांत एकदाही झालेलं नाही.

एक शेवटचं, लाईटचं. सीपीयू यूपीएसवर होता आणि मॉनिटर डायरेक्ट. लाईट एक सेकंद गेली तरी मधला मॉनिटर बंद व्हायचा, आणि डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बंद झाला की विंडोजला तो काढूनच घेतला असं वाटतं, मग सगळ्या उघड्या विंडो उजवीकडच्या स्क्रीनवर एकावर एक येऊन पडायच्या. विंडोज ११ मधे सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे विंडोच्या जागा लक्षात ठेवायची टिक आहे, ती करून ठेवा. पण खरा उपाय मधला मॉनिटर यूपीएसवर घेणं. माझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि फोटो एडिट करताना माझं मशीन त्याच्या निम्म्यावरही जात नाही, मॉनिटरचे तीस-चाळीस वॅट सहज मावतात. मॉनिटर आणि सीपीयू दोघं एकाच बोर्डावरच्या यूपीएसवर, त्यामुळे अर्थही एकच.

सध्या तिन्ही चालू आहेत. रंग मात्र जुळत नाहीत आणि जुळणारही नाहीत, जुना टीएन पॅनल आहे, मान जरा हलवली की चक्रवाकाचा नारिंगी रंग फिका पडतो, म्हणून तिकडे फक्त यादी, फोटो अजिबात नाही. तो आता उभा करायचाय, म्हणजे १०२४ रुंद आणि १२८० उंच, यादीला तेच बरं. स्टँड लावायची मागची भोकं मोजली, १०० बाय १०० मिलिमीटर, पण त्याचा मूळ स्टँड फिरत नाही. अंबडला बाबांच्या ओळखीचं एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शनिवारी तिथे मॉनिटर धरायला पट्टी कापून घ्यायला जाणार आहोत, मॉनिटरचं वजन भरलं साडेतीन किलो, तर तीन मिलिमीटरची पट्टी पुरेल असं बाबांचं म्हणणं आहे.