आमची वाटचाल: बारा बैल आणि पत्र्याची शेड

धायरीतली आमची शेड पत्र्याची आहे हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या पत्र्यानेच घडवलं.

2009 साली धंदा काढला तो दोघांनी, मी आणि पेणचे काका. धंदा मातीच्या बाहुल्यांच्या फिल्मचा: बाहुली केसभर हलवायची, एक फोटो म्हणजे एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची, आणि फोटो भराभर दाखवले की बाहुली चालते. काकांचा हात गणपतीच्या कारखान्यात तयार झालेला. डोळ्यांची आखणी करावी तर त्यांनीच. पहिल्या दिवशी आले ते शाडूचा गोळा घेऊन. शाडूचा गणपती होतो, पण त्याला रोज थोडा थोडा हात वर करायला लावलात तर चौथ्या दिवशी तडकतो. तेलातली माती वाळत नाही, उकाड्याने मऊ मात्र पडते. ती काकांना पसंत नव्हती. "ही माती नव्हे, मेण आहे," म्हणायचे. बांबूची कोरणी मात्र त्यांनी पेणहून आणली ती आजही चालते. टोक झिजलं की काचेच्या तुकड्याने तासतात. स्टीलच्या हत्यारांचा संच मी हौसेने घेतला होता, तो खोक्यात पडून आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन तारा ड्रिलमध्ये धरून पीळ द्यायचा, तोच बाहुलीच्या आतला सांगाडा, हे ज्याला माहीत नाही त्याच्या बाहुलीचा गुडघा ऐन शॉटमध्ये तुटणार. लेन्स जुनी घ्यावी, अ‍ॅपर्चर हाताने फिरवायची. नवी लेन्स प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चर उघडझाप करते, आत येणाऱ्या उजेडात केसभर फरक पडतो आणि फिल्म लुकलुकते. पांढरा शर्ट घालून सेटवर येऊ नये. त्याचा उजेड बाहुलीच्या गालावर पडतो. आणि कॅमेऱ्याच्या आधी इन्व्हर्टर घ्या. हे कोणी विचारलेलं नाही, पण मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतो.

2018 पर्यंत जाहिराती केल्या, पोट भरलं. मग एका संस्थेने मुलांसाठी फिल्म मागितली, विषय एकोप्याचा. मी इर्जिक सुचवली, म्हणजे गावाने मिळून एकाचं रान नांगरून द्यायची रीत. एकट्या म्हातारीचं रान, पाऊस तोंडावर आलेला, आणि सगळा गाव आपापल्या बैलजोड्या घेऊन तिच्या बांधावर उभा. सात मिनिटांची फिल्म. सेकंदाला बारा पोझ धरल्या तरी पाच हजारांच्या वर जातात. माणसं अठ्ठावीस, बैल बारा.

नांगरणीचा शॉट नऊ सेकंदांचा होता. 108 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमला अठ्ठेचाळीस पाय हलवायचे. दिवसाला दहा फ्रेम झाल्या की आम्ही चहा मागवायचो. मे 2019. एकाहत्तरावी फ्रेम घेऊन घरी गेलो, रात्री वीज गेली, एसी बंद. सकाळी शेड उघडली तर बाराही बैल पोट टेकून बसलेले. एकाची मान गळून जूवर आली होती. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल, असा शॉट मधूनच पुढे सुरू करता येत नाही. सगळं पहिल्या फ्रेमपासून.

संस्थेने पंधरा दिवस वाट पाहिली आणि काम काढून घेतलं. दिलं कोणाला? आमच्याच शेडमध्ये कोरणी धरायला शिकलेल्या पोराला. तो माती वापरत नाही. कॉम्प्युटरवर बैल करतो, त्यावर मातीचा पोत चढवतो आणि वर बोटांचे ठसेसुद्धा प्रोग्रॅमने उमटवतो. आम्ही तो एक ठसा पुसायला बेबी ऑइलच्या बाटल्या संपवल्या, आणि हा ठशांचे पैसे घेतो! त्याची फिल्म वेळेवर झाली. बरी झाली म्हणतात. मी पाहिलेली नाही.

आमची थांबलीच असती. मुळशीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन आमच्या शिबिराला यायच्या, माती स्वतःच्या पगारातून घ्यायच्या. त्या वर्षी आल्या तेव्हा शिबिर कसलं, मी कपाळाला हात लावून बसलेला. त्यांनी पोरांना ढेकळं करायला बसवलं. नांगरलेल्या रानाची ढेकळं, मटारएवढी, चार पोती. काकांनी पेणहून चार पोरं आणली. मे महिन्यात पेणला श्वास घ्यायला सवड नसते, हे तिथल्या माणसाला विचारा. सहा दिवसांत बारा बैल पुन्हा उभे राहिले. आता पोटात थर्माकोल आणि माती फक्त वरून, बोटभर. हलका बैल बसत नाही, ही अक्कल तेव्हा आली.

याला इर्जिक म्हणायची तर म्हणा. ज्याचं रान त्याने जेवण घालायचं असतं, ते मी घातलं. मटणाचं बिल अजून फाईलला आहे.

दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत चित्रपट केला होता. काडी उकाड्याने वितळत नाही, एवढंच म्हणतो.

फिल्म पुढच्या वर्षी, 2020 च्या जानेवारीत, बाईंच्या शाळेत पहिल्यांदा दाखवली, चादरीवर. पोरांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. "ते ढेकूळ माझं" म्हणून भांडत होती.

परवा त्या पोराचा फोन आला. आवाजात संकोच होता. नव्या कामासाठी खऱ्या मातीवरच्या ठशांचे जवळून फोटो हवेत, प्रोग्रॅमचे ठसे सगळे सारखेच दिसतात म्हणे. मी काकांना विचारलं. काका एका बैलाचं शिंग बसवत होते, मान वर न करता म्हणाले, "पाठव की. पण अंगठा लावायचे पैसे आधी घे."