सेव्हनचा हट्ट

आज दुपारी धरमपेठेत ताईकडे कूलरसमोर बसून भाचीसोबत 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अमेरिकन अंतराळ-मालिकेचे १९९७ सालचे भाग पाहिले. त्यातले बोर्ग म्हणजे अर्धे जीव, अर्धे यंत्र असलेले परग्रही. ते माणसाला पकडतात, अंगात यंत्रं बसवतात नि त्याचा 'मी' पुसून टाकतात. ॲनिका हॅन्सन लहानपणीच त्यांच्या तावडीत सापडली, 'सेव्हन ऑफ नाइन' झाली. व्हॉयेजर यानाची कॅप्टन जेनवे तिला बोर्गपासून तोडते, तेही तिच्या मर्जीविरुद्ध. यानावरच्या कोठडीतून सेव्हन 'मला बोर्गकडे परत पाठवा' म्हणते, जेनवे ऐकत नाही. माणूसपण असं लादता येतं का? दिवसभर हेच डोक्यात आहे.

भाचीनं वेगळंच पकडलं. सेव्हनच्या डाव्या डोळ्यावरचा धातूचा तुकडा दाखवत म्हणाली, "मावशी, बोर्ग होती तेव्हा बाई की पुरुष, कोणी बघत नव्हतं. सुटली तर लगेच इतके घट्ट कपडे?" अगदी खरं बोलली पोरगी! निर्मात्यांचा तो निर्णय मला अजिबात पटत नाही. सेव्हन साकारणाऱ्या जेरी रायननं मात्र ताठ मानेनं, तुटक बोलण्यानं त्या पात्राला केवढी बुद्धी दिली.

नि यानावर 'ॲनिका' म्हटलं तर तिला चालत नाही, सेव्हनच म्हणा. आमच्या ताईचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून बदललं होतं. पासबुकावर तिनं माहेरचंच ठेवलं. सेव्हनचा हट्ट मला म्हणूनच फार जवळचा वाटतो.