एकाच तालमीतले दोघं

गेली सहा वर्षं मी इंग्लंडात नॉर्दम्प्टनला असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेला हात तिकडं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कामाला आला. सिल्व्हरस्टोनचा मोटार शर्यतीचा ट्रॅक तिथून गाडीनं अर्ध्या तासावर. सध्या सुट्टीला कोल्हापुरात आलोय. परवा संध्याकाळी आबांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, ६ जुलै २०२५ ची तिथली फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत सांगत बसलो होतो. आबा एके काळी खासबागेच्या मैदानात कुस्त्या लढलेले.

त्या दिवशी पाऊस होता, रेनकोटच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आलेलं. मॅक्लारेन संघाचा ऑस्कर पियास्ट्री पुढं होता. सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असला की पुढं राहून सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या गाडीच्या, मागं त्यानं जोरात ब्रेक दाबला म्हणून १० सेकंदांची शिक्षा झाली आणि त्याच्याच संघाचा लँडो नॉरिस जिंकला. घरचा पोरगा जिंकला म्हणून आजूबाजूची माणसं नाचत होती. मला मात्र पियास्ट्रीसाठी गलबलून आलं.

"थांब," आबा म्हणाले. "दोघं एकाच मालकाचं?"

"होय."

"म्हंजे एकाच तालमीतलं. आन् त्यांचीच जाहीर कुस्ती लावत्यात?"

आपल्याकडं एका तालमीतल्या दोघांची मैदानात जोड लावत नाहीत, त्यामुळं आबांना ते रुचेना. मी समजावलं. फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्या संघाकडून हरलं तर गाडीला बोल लावता येतो. आपल्याच जोडीदाराकडून हरलं तर कुणाला लावणार? गाडी तीच, इंजिन तेच. त्यात कुठल्या वळणावर कोण किती उशिरा ब्रेक दाबतो, हे दोघांनाही संगणकावर दिसतं. रोज मातीत ज्याच्याशी सराव करायचा त्याला आपला डाव ठाऊक असतो, तसंच.

मालकाला भीती असतेच. २००७ ला वर्षभराच्या शर्यती मिळून मॅक्लारेनचे हॅमिल्टन आणि अलोन्सो प्रत्येकी १०९ गुणांवर अडकले आणि फेरारी संघाचा रायकोनेन ११० गुणांवर जगज्जेता झाला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! तरीही माझं मत पक्कं आहे, दोघांनाही मोकळं लढू द्यावं.

मग आबांना १९८२ चं सांगितलं. इटलीतल्या इमोलाला फेरारीच्या दोन्ही गाड्या पुढं होत्या आणि संघानं वेग कमी करायची पाटी दाखवली. आता क्रम बदलणार नाही म्हणून पुढं असलेला जील व्हिलनव्ह निर्धास्त राहिला, पण जोडीदार दिदिए पिरोनीनं शेवटच्या फेरीत त्याला मागं टाकलं. आता याच्याशी कधीच बोलणार नाही, असं व्हिलनव्ह म्हणाला. तेराव्या दिवशी, ८ मे रोजी, बेल्जियममधल्या झोल्डरला पात्रता फेरीत, म्हणजे शर्यतीत कुणी कुठून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या फेरीत, पिरोनीची वेळ किंचित सरस होती. व्हिलनव्ह पुन्हा ट्रॅकवर उतरला, पुढच्या संथ गाडीवर आदळला आणि जिवानिशी गेला. अबोला तसाच राहिला.

आबा बराच वेळ खांद्यावरच्या टॉवेलची कड चुरगाळत होते.

"आन् हे आत्ताचं दोघं? बोलत्यात न्हवं?"

"बोलतात. सिल्व्हरस्टोनच्या आधी कॅनडात नॉरिसनं पियास्ट्रीला मागून धडक दिली होती. स्वतःची गाडी मोडली, पण लगेच रेडिओवर म्हणाला, चूक माझीच."

"मग लढू द्या," आबा म्हणाले.