निकॉर आणि हेलिओस: खाचांमधल्या रंगाचं काम कुठवर आलं

सध्या टेबलावर कॅमेऱ्याच्या दोन जुन्या लेन्स आहेत. निकॉनची निकॉर ५० एमएम एफ/१.४ (एआय, म्हणजे निकॉनच्या १९७७ पासूनच्या रचनेची) आणि सोव्हिएत हेलिओस ४४-२. काचा दोन्हींच्या स्वच्छ, फोकस रिंग लोण्यासारखी फिरते, पण आकडे वाचायला टॉर्च लागतो. म्हणून कोरलेल्या आकड्यांच्या खाचांत पुन्हा रंग भरतोय. हेलिओसचं काम संपलं. निकॉरचं अर्ध्यावर आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी एक गोष्ट आधी. हे काम फक्त कोरलेल्या आकड्यांवर होतं. आकड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खाच आहे, सरकून गेलं तर नुसती छपाई. अलीकडच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्सवर छपाईच असते. तिथे सॉल्व्हंट लावलात तर उरलेला आकडाही कापसावर येईल.

हेलिओसपासून सांगतो. सोव्हिएत कोरीवकाम खोल असतं, त्यामुळे रंग झिजत नाही, त्याचे टवके उडतात. माझ्या लेन्सवर अर्धे आकडे पांढरेशुभ्र आणि अर्धे रिकामे होते. नावाची पुढची रिंग रबरी बुच दाबून फिरवली की निघते. ती काढूनच रंगवावी, म्हणजे काचेजवळ टर्पेन्टाइन न्यायची वेळ येत नाही. सिरिलिक अक्षरं ठसठशीत आहेत, ती सहज भरली. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं चिन्ह मात्र नाजूक: प्रिझम आणि त्यातून जाणारा किरण. तो किरण केसाएवढा आहे. ब्रश बाजूला ठेवला आणि टूथपिकच्या टोकावर रंगाचा कण घेऊन तो खाचेत ओढला. सिरियल नंबरही भरला. या लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा उत्पादनाचं वर्ष सांगतात, त्यामुळे तो वाचता आलाच पाहिजे.

आता रंगाबद्दल. इथे प्रत्येकाचं मत वेगळं असतं, माझं सांगतो. खाच भरायची मेणकट रंगकांडी परदेशी मंडळींची लाडकी आहे. घासा, पुसा, झालं. रुंद अक्षरांना ती छान, पण बारीक आकड्यांच्या तळापर्यंत जात नाही. अ‍ॅक्रिलिक मला आवडत नाही. खाचेत पटकन त्याची साय धरते आणि पुसताना अख्खा पापुद्रा उचकटून येतो. इनॅमल चांगलं आणि टणक, पण पुसायला वेळ थोडाच मिळतो. माझी पसंती चित्रकारांच्या ऑइल कलरला. कॅमलची टायटॅनियम व्हाइटची ट्यूब कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. वाळायला फार वेळ घेतो हीच त्याची तक्रार आणि हीच त्याची सोय: मन भरेपर्यंत आकडा पुसून पुन्हा भरता येतो.

एक युक्ती चित्रकारांकडून उचललेली आहे. ट्यूबमधला रंग थेट वापरू नका. टिपकागदावर काढून काही तास ठेवा. जास्तीचं तेल कागद शोषतो, रंग घट्ट होतो, खाचेत बसल्यावर पसरत नाही आणि लवकर वाळतो. जवसाच्या तेलाचा रंग अंधारात पिवळा पडतो, हे चित्रकारांचं दुखणं आहे. आपल्याला ते पथ्यावरच पडतं. जुन्या लेन्सवर नवाकोरा थंड पांढरा रंग डोळ्याला खुपतो. म्हणून मी पांढऱ्यात यलो ओकर टूथपिकच्या टोकाएवढा मिसळतोच.

पण निम्मं काम पुसण्याचं आहे. कापसाचा बोळा खाचेत शिरतो आणि रंग बाहेर ओढतो. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर मलमलीची चिंधी ताणून गुंडाळायची आणि ती सपाट कड खाचेला आडवी, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवायची. चिंधी आधी कोरडी. शेवटचा धुरकट थर काढायला तिला टर्पेन्टाइनचा जेमतेम वास लागलेला असावा, इतकंच. ओली चिंधी म्हणजे आफत: द्रव फोकसच्या आट्यांत उतरतो, ग्रीस पातळ करतो आणि ते तेल पुढे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जाऊन बसतं. अ‍ॅसिटोन तर घरात कुठे आहे हेही विसरा, बॅरलचा, म्हणजे लेन्सच्या नळीचा, काळा रंगच तो विरघळवतो.

आता निकॉर. या काळच्या निकॉरवर अ‍ॅपर्चरचे काही आकडे रंगीत असतात आणि चंदेरी रिंगवर त्याच रंगांच्या रेघा जोडीने कोरलेल्या असतात. १६ निळा, म्हणून निळ्या दोन रेघांच्या मधलं अंतर म्हणजे एफ/१६ ची डेप्थ ऑफ फील्ड, किती अंतरापासून किती अंतरापर्यंत चित्र स्पष्ट येईल ते. ११ पिवळा, तसंच पिवळ्या रेघांचं. आकडे लिहायला जागा नसताना काढलेला हा तोडगा मला अजूनही भारी वाटतो. पण रंग चुकला की पट्टी खोटं बोलते, त्यामुळे इथे अंदाजाला जागा नाही.

म्हणून खाच साफ करायच्या आधी घड्याळजींचं भिंग डोळ्याला लावून प्रत्येक खाचेचा तळ बघितला. वरून काळी दिसणारी खाच बहुतेक वेळा मळाने भरलेली असते आणि तळाशी मूळ रंगाचा कण असतोच. १६ च्या तळाला निळा सापडला. ११ कोराच निघाला, पण चंदेरी रिंगवरची त्याची रेघ शाबूत होती, तिच्यावरून पिवळा जुळवला. हा पिवळा लिंबासारखा नाही, मोहरीकडे झुकणारा आहे. क्रोम यलोमध्ये ओकर आणि पांढऱ्याचा ठिपका घातला तेव्हा जवळ आला. रंग दिवसाउजेडीच जुळवावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला पिवळा खिडकीत नेला की हिरवट निघतो.

निळा आणि पिवळा भरून झाले. ज्या आकड्यांचा रंग शाबूत आहे त्यांना हात लावलेला नाही, लावणारही नाही. चंदेरी रिंगवरची काळी खूण बाकी आहे. आणि माउंटकडच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूच्या, कडेला आकड्यांची दुसरी, चिमुकली ओळ आहे. १९७७ च्या एआय बदलात ती आली, व्ह्यूफाइंडरमधून अ‍ॅपर्चर वाचता यावं म्हणून. ते आकडे इतके बारीक आहेत की ऑइल कलर वाळेपर्यंत त्याकडे फिरकायचं नाही असं ठरवलंय. या दमट हवेत रंग रेंगाळतोय. ग्रीस असलेली लेन्स मी आत बल्ब लावून गरम ठेवलेल्या कपाटात ठेवत नाही. हेलिओसची सुटी रिंग तिथे खुशाल वाळली.

यानंतर निकॉरचीच २८ एमएम एफ/२.८, एआय-एस, म्हणजे एआयची पुढची आवृत्ती. तिचा २२ नारिंगी आहे. एआय-एसची ओळखच ती: सर्वांत लहान अ‍ॅपर्चर दोन्ही ओळींत नारिंगी. याची एक उलटी बाजू आहे. साध्या एआय लेन्सचा शेवटचा आकडा कुणी हौसेने नारिंगी केला तर पुढचा गिऱ्हाईक फसेल. जुनी लेन्स घेताना रंगावर विसंबू नका, मागे माउंटच्या पत्र्यात एआय-एसची वाटीसारखी कोरलेली खोबण आहे का ते बघा. माझ्या २८ मध्ये ती आहे, तेव्हा नारिंगी मिसळायला घेतोय. कॅडमियम ऑरेंज थेट लावला तर फार भडक दिसतो. त्यात बर्न्ट सिएना किती घालायचा, ते कुणी आधी जुळवलं असेल तर प्रमाण कळवा.